मराठीचे अक्कलखाते

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत शिष्यवृत्तीला बसलेल्या पोरांना विचारा, ‘बुद्धिमत्ता म्हणजे काय रे?’ एका सुरात उत्तर येईल, ‘पेपर!’ मराठी, गणित, इंग्रजी यांच्या जोडीला बुद्धिमत्ता हा एक विषय आहे. त्याची गाईडे मिळतात, त्याचा जादा तास असतो. त्यात मालिका पूर्ण करायची, चार शब्दांतला विसंगत शब्द हुडकायचा, घड्याळाची आरशातली प्रतिमा सांगायची आणि रांगेत पुढून बारावा उभा असलेला रमेश मागून कितवा हे काढायचे. ‘गणित बरंय याचं, पण बुद्धिमत्तेत मार खातो,’ असे पालक गुरुजींना सांगतात. या वाक्यात कुणालाच काही वावगे वाटत नाही.

याच पोरांच्या घरातल्या मोबाइलवर ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे शब्द रोज येऊन आदळतात. यंत्राने परीक्षा दिली, यंत्राने निदान केले, यंत्र माणसाला मागे टाकणार, मेंदूचे कोडे सुटले. मजकुराला तोटा नाही. हे सगळे वाचताना एक प्रश्न पडतो. जिला आपण इतक्या सहज बुद्धिमत्ता म्हणतो, ती मराठीत आली केव्हा? आणि ती येण्याआधी मराठी माणूस डोक्यातल्या कारभाराला काय म्हणत होता?

आधी पेपरची कुळकथा. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. १९१२ साली विल्यम स्टर्न या जर्मन मानसशास्त्रज्ञाने मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची युक्ती काढली. पुढे त्या भागाकाराला १०० ने गुणायची रीत पडली आणि ‘बुद्ध्यंक’ हा आकडा जन्माला आला. दहा वर्षांचे पोर बारा वर्षांच्या पोराचे प्रश्न सोडवत असेल तर बुद्ध्यंक १२०. ही मोजपट्टी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी. १९३४ सालची ती बिने-कामत चाचणी आजही मानसशास्त्रज्ञ वापरतात. १९६२ साली पुण्यात आप्पा पेंडशांनी ज्ञान प्रबोधिनी ही शिक्षणसंस्था सुरू केली. तिथे बुद्धिमत्तेच्या जोडीला ‘प्रज्ञा’ हा शब्द रुळला, आणि राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेमुळे तो घरोघर गेला.

म्हणजे मोजता येणारी, गुण देता येणारी बुद्धिमत्ता शंभरएक वर्षांची आहे. शब्द मात्र फार जुना. संस्कृतात ‘बुध्’ या धातूचा अर्थ जागे होणे, उमगणे. बोध, प्रबोधन, सुबोध, बुद्ध ही सगळी त्याचीच लेकरे. बुद्धी म्हणजे मुळात जाग. ती ज्याच्याकडे आहे तो बुद्धिमान आणि त्याचा गुण ती बुद्धिमत्ता. इंग्रजी ‘इंटेलिजन्स’ लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी ‘मधून निवडणे’ ही कल्पना आहे. धान्य पाखडावे तसे बरे-वाईट वेगळे करणे. इंग्रजीत हाच शब्द हेरगिरीलाही लागतो. मराठीने तिथे मात्र सरळ फाळणी केली आणि पोलिसांच्या त्या खात्याला ‘गुप्तवार्ता’ विभाग म्हटले.

आता मेंदूकडे वळू. संस्कृतात मेंदूला मस्तिष्क म्हणतात, वैद्यकाच्या ग्रंथांत मस्तुलुंग हाही शब्द येतो. मराठीने बोलताना दोन्ही बाजूला ठेवले. आपला ‘मेंदू’ दक्षिणेकडे तोंड करून बसलेला शब्द आहे. कानडीत मेदुळु, तेलुगूत मेदडु. कानडीत ‘मेदु’ म्हणजे मऊ. हे सगळे एका घरातले दिसतात. ज्याने कुणी हे नाव ठेवले, त्याने विचाराचा उगम वगैरे काही मनात आणले नाही. कवटीत जे मऊ होते त्याला मऊ म्हटले. शाळेच्या पुस्तकात प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क आणि मस्तिष्कपुच्छ असतात. वर्गाबाहेर पडल्यावर त्यांचे मोठा मेंदू आणि लहान मेंदू होते, आणि तिसऱ्याचा विसर पडतो.

हिंदीने मेंदूसाठी अरबीतून ‘दिमाग’ घेतला. तोच शब्द मराठीतही आला, पण येताना वेष बदलून आला. फारसीत दिमाग म्हणजे मेंदू आणि त्यावरून डोक्यात गेलेला ताठा. हिंदीने मेंदू ठेवून घेतला, मराठीने ताठा. शेवटच्या अक्षराला ख लागला आणि झाला ‘दिमाख’. लग्नाचा दिमाख, मिरवणुकीचा दिमाख, दिमाखदार सोहळा. ज्या सोहळ्यात मेंदूला फारसे काम नसते, त्यालाच आपण मेंदूचे विशेषण लावतो.

‘मज्जा’ची गंमत याहून मोठी. आयुर्वेदात शरीराचे सात धातू आहेत. त्यांतला सहावा मज्जा, म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ ऐवज. डोक्याच्या कवटीतला ऐवज त्याच जातीचा मानला गेला. म्हणून नव्या वैद्यकाला मराठी शब्द हवे झाले तेव्हा मेंदूपासून पाठीच्या कण्यातून अंगभर गेलेल्या जाळ्याला ‘मज्जासंस्था’ नाव मिळाले, आणि त्या जाळ्यातल्या धाग्यांना ‘मज्जातंतू’. पण पोर सहलीहून येऊन ‘लई मज्जा आली’ म्हणते तेव्हा ती वेगळी मज्जा. ती फारसी ‘मझा’, म्हणजे चव. मराठीने तिला पहिल्या अक्षरावर जोर देऊन द्वित्त केले. एक हाडातली, एक जिभेवरची. उच्चार जवळपास एक. अलीकडे पाठ्यपुस्तकांनी ‘चेतासंस्था’, ‘चेतापेशी’ हे शब्द घेतल्याने हा घोटाळा मिटला. माणसाच्या मेंदूत अशा साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात.

इतका मोठा ऐवज असूनही मराठी वाक्प्रचारांत मेंदूला मान नाही. मेंदू आला की बहुधा गुडघ्यात येतो. मान आहे तो डोक्याला. डोके चालते, फिरते, भडकते, उठते. लोक डोके लावतात आणि दुसऱ्याचे खातात. जुगाड जमवून बंद पडलेली मोटर चालू करणाऱ्या पोराला नगरच्या कट्ट्यावर जी शाबासकी मिळते, ती ‘काय डोक्यालिटी आहे!’ या शब्दांत. मराठी डोक्याला इंग्रजी शेपूट लावून तयार झालेला हा शब्द कुठल्याही परिभाषा कोशात नाही, आणि त्याचा अर्थ समजावून सांगायची वेळ कधी कुणावर आली नाही.

कारभारातली खरी वजनदार नावे मात्र फारसी-अरबीतून आली. १४९० साली मलिक अहमदने निजामशाही उभी केली आणि सीना नदीकाठी आपल्या नावाचे शहर वसवले. ते २०२४ पर्यंत अहमदनगर होते, आता अहिल्यानगर. १६३६ पर्यंत ही शाही टिकली. दरबारात फारसी, गावात मराठी, आणि दोन्हींच्या मध्ये देशमुख-कुलकर्ण्यांची लेखणी. फारसी शब्द त्याआधीही दख्खनेत आले होते. निजामशाहीच्या दीडशे वर्षांत ते दफ्तरातून ओसरीवर आले आणि घरचे झाले.

त्यांतला सगळ्यांत घरचा शब्द ‘अक्कल’. अरबी ‘अक्ल’. याच धातूवरून ‘इकाल’ होतो. इकाल म्हणजे उंटाचा दुमडलेला पुढचा पाय बांधायचा दोर. उंट बसलेला असताना पाय बांधला की रात्री तो भटकत नाही. अरब माणूस डोक्यावरच्या रुमालावर जे काळे वेटोळे बसवतो, त्यालाही इकालच म्हणतात. अक्कल म्हणजे मुळात पायातला दोर. जी माणसाला भलतीकडे जाऊ देत नाही ती.

मराठीत दोर दिसत नाही, पण त्याची ओढ अजून जाणवते. ज्याने करू नये ते केले, त्याला आपण म्हणतो, ‘अक्कल गहाण टाकली होती का?’ त्याच्याकडे ज्ञान कमी होते अशी तक्रार त्यात नसते. थांबायचे कुठे हे कळले नाही, ही असते. एम. ए. झालेला माणूस बेअक्कल असू शकतो आणि अंगठेबहाद्दर म्हातारी अकलेची असू शकते. अक्कलदाढ सगळ्यांत शेवटी येते, आणि तीही पुष्कळदा वाकडी. व्यवहारात बुडालेले पैसे व्यापारी ‘अक्कलखाती’ टाकतो. शहाणपणासाठी मोजलेली फी म्हणून वहीत एक ओळ. असे खाते दुसऱ्या कुठल्या भाषेच्या वहीत असेल, तर मला त्या भाषेचे व्यापारी आवडतील.

अक्कल कमी पडल्यावर द्यायच्या दोन पदव्या तर नगरकरांनी हक्काने मिरवाव्यात. एक ‘अकलेचा खंदक’ आणि दुसरी ‘अकलेचा कांदा’. खंदक हवा असेल तर भुईकोट किल्ल्याभोवती बघा. कांदा हवा असेल तर घोडेगावला किंवा नेप्तीला बाजाराच्या दिवशी जा. भाव पडलेला असला तर शेतकऱ्याच्या तोंडून दोन्ही पदव्या सरकारला एकाच वाक्यात ऐकू येतील.

‘हुशार’ फारसी ‘होशियार’वरून. ‘होश’ म्हणजे शुद्ध, सावधपणा. जो होशात आहे तो हुशार. मराठीत हा अर्थ अजून पुरता गेलेला नाही. ताप उतरल्यावर आजारी माणूस म्हणतो, ‘आज जरा हुशारी वाटतेय.’ त्याला गणिते सुटायला लागली असे त्याला म्हणायचे नसते. ‘चलाख’ही फारसी, त्यात चपळाई आहे, आणि मराठीने त्यात संशयाची चिमूट टाकली. मुलगा हुशार असला तर आई सांगत सुटते. चलाख असला तर शेजारीण सांगते.

आणखी एक शब्द नगरच्या किल्ल्यात बसून पाहण्यासारखा आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे पुढारी या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे लिहिले हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. मौलाना आझादांनी इथेच मित्राला उद्देशून, पण न धाडता, उर्दूत पत्रे लिहिली. ती १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने छापली गेली. गुबार म्हणजे धूळ आणि खातिर म्हणजे मन. मनावर साचलेली धूळ. हा ‘खातिर’ मराठीत तीन रूपांनी नांदतो. ‘तुझ्याखातर’ म्हणजे तुझ्या मनासाठी. ‘खातरजमा’ म्हणजे पांगलेले मन एका जागी जमा होणे. आणि ‘खात्री’ म्हणजे जमा झालेल्या मनाचा निकाल. आपण मोबाइलवर ओटीपी टाकून ‘खात्री करा’चे बटण दाबतो, तेव्हा आझादांच्या पुस्तकाच्या नावातलाच शब्द दाबतो.

देशी बाजूला ‘शहाणा’ उभा आहे. तो ‘सज्ञान’चा वंशज मानला जातो, हिंदी ‘सयाना’ त्याचा भाऊ. कोर्टात आजही अठरा पूर्ण झालेला माणूस सज्ञान, आणि मुलगी वयात आली की जुन्या बायका म्हणत ‘शहाणी झाली’. म्हणजे शहाणपणात वयाचा, शरीराचा, सोसण्याचा भाग आहे. ते एका रात्रीत येत नाही आणि पेपरात मावत नाही. म्हणूनच त्याचा अतिरेक मराठीला सोसत नाही. अतिशहाण्याचा बैल रिकामाच राहतो.

शेवटी ‘भान’ आणि ‘शुद्ध’. ‘भा’ म्हणजे प्रकाशणे. भान म्हणजे समोरचे उजळून दिसणे. माणूस भानावर येतो, त्याचे भान हरपते, काहींना वेळेचे भान नसते आणि काहींना जिभेचे. ‘शुद्ध’ संस्कृतात स्वच्छ; मराठीत मात्र तीच शुद्ध माणसाला येते आणि त्याची हरपते. वर तिला फारसी ‘बे’ जोडून आपण ‘बेशुद्ध’ केले. संस्कृतच्या पंडिताला या शब्दाचा अर्थ लावायला सांगितला तर तो ‘अशुद्ध’ म्हणून मोकळा होईल. दवाखान्यात कुणाचा असा गोंधळ होत नाही.

ही झाली मराठीची डोक्यातली खाती : बुद्धी, अक्कल, हुशारी, शहाणपण, भान. प्रत्येकाचे काम वेगळे, हिशेब वेगळा. आता यंत्राकडे जाऊ.

‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५५ सालच्या एका प्रस्तावात घातले. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात त्या विषयावर बैठक भरली. मराठीत त्याचे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ झाले. कुणी ‘कृत्रिम प्रज्ञा’ म्हणतात, बाकी सगळे ‘एआय’. यातल्या ‘कृत्रिम’कडे आपण फार वाकड्या नजरेने पाहतो. कृत्रिम हसू, कृत्रिम फुले, कृत्रिम टंचाई, म्हणजे खोटे. संस्कृतात कृत्रिम म्हणजे केलेले, घडवलेले. धर्मशास्त्रात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत, त्यांतला एक ‘कृत्रिम पुत्र’. गुणी मुलगा पाहून त्याला आपला केलेला. तो खोटा मुलगा नसे.

हा जुना अर्थ आजही नगर जिल्ह्यातल्या गोठ्यात जिवंत आहे. गाय माजावर आली की डॉक्टरला फोन जातो. मोटरसायकलवर बांधलेल्या टाकीचे झाकण उघडले की पांढरी वाफ उसळते. आत द्रव नायट्रोजन, तापमान उणे १९६ अंश. चिमट्याने एक बारीक नळी बाहेर येते, कोमट पाण्यात काही सेकंद धरली जाते, पुसली जाते, आणि काम दोन मिनिटांत संपते. वहीत गायीचा नंबर आणि तारीख. याला कृत्रिम रेतन म्हणतात. उरळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली उभ्या केलेल्या बाएफ संस्थेसारख्यांनी ते खेडोपाडी नेले. संगमनेर-राहात्याच्या पट्ट्यात दुधावर चालणारी कितीतरी घरे या कृत्रिमावर उभी आहेत. नऊ महिन्यांनी जे वासरू होते, त्याला कुणी कृत्रिम वासरू म्हणत नाही. रीत कृत्रिम, वासरू खरे.

तेव्हा ‘कृत्रिम आहे म्हणजे खोटे आहे’ एवढ्यावर यंत्राचा निकाल लावता येत नाही. आणि ‘यंत्र’? ‘यम्’ धातूपासून. यम् म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. संयम, नियम, नियंत्रण ही त्याचीच भावंडे. अरबांनी अक्कल म्हटले ती बांधणारी, आणि इकडे यंत्र म्हटले तेही बांधणारे. दोन शब्द दोन दूरच्या वाळवंटा-मैदानांतून निघाले आणि एकाच खुंट्याला येऊन थांबले.

‘तंत्र’ ‘तन्’पासून, म्हणजे ताणणे. संस्कृतात तंत्र म्हणजे माग, आणि मागावर ताणलेले उभे धागे. नगर-भिंगारात पद्मशाली विणकरांच्या घरांत ताणा आणि बाणा हे शब्द पिढ्यान्पिढ्या नांदले आहेत. त्यातला ताणा हा तंत्राचा सख्खा नातलग. ग्रीकमधला ‘तेख्ने’, ज्यावरून टेक्नॉलॉजी आली, तोही अशाच एका धातूवरचा आहे. त्याच्या पोटी लॅटिनमध्ये विणणे निघाले आणि संस्कृतात ‘तक्षन्’ म्हणजे सुतार. आपले ‘तासणे’ही त्याच सुताराच्या घरचे. तंत्रज्ञान या जड शब्दाखाली असा एक विणकर आणि एक सुतार बसलेला आहे.

बुद्धी यंत्रात असू शकते का, हा प्रश्न मात्र शब्दांवर सुटत नाही. त्याला तत्त्वज्ञान लागते, आणि ते नगर जिल्ह्यात नेवाशाला मिळते. प्रवरेकाठी ‘पैस’ नावाच्या खांबाशी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांचा विचार आहे. क्षेत्र म्हणजे शेत, आणि क्षेत्रज्ञ म्हणजे ते जाणणारा. या शेतात काय काय येते? पंचमहाभूते, अहंकार, इंद्रिये, सुख, दुःख. आणि बुद्धीही. सांख्य तत्त्वज्ञांचे म्हणणेही तेच : बुद्धी हे प्रकृतीचे पहिले रूप, म्हणजे मुळात जड. तिच्यात दिसणारा उजेड उसना. खरा जाणणारा वेगळा. गीतेने तर ‘चेतना’सुद्धा शेताच्याच यादीत घातली. चेतना म्हणजे काय हे सांगताना ज्ञानेश्वरांनी लोहचुंबकाचा दाखला दिला आहे : तो जवळ आला की निर्जीव लोखंड हलायला लागते. चुंबकाला त्यांचा शब्द आहे ‘भ्रामक’. आज भ्रामक म्हणजे फसवे. तेव्हा भ्रामक म्हणजे लोखंड फिरवणारा दगड.

सातशे वर्षांपूर्वीच्या या मराठीत ‘जड वस्तूला बुद्धी’ हे ऐकून कुणी दचकले नसते. त्यांना पडलेला प्रश्न पुढचा होता : हे सगळे जाणते कोण? आजचे मेंदूविज्ञानही चेतापेशींच्या हालचाली मोजून याच बांधापर्यंत येते. कुठल्या पेशी केव्हा पेटतात हे यंत्रावर दिसते. पेटल्यावर ‘मला’ दिसते ते कसे, यावर वाद चालूच आहे.

यंत्र शब्द कसे शिकते हेही शब्दांच्या नादी लागलेल्याने पाहण्यासारखे आहे. आम्ही शब्दाचे कूळ शोधतो. आजा कोण, पणजा कोण. यंत्र संगत पाहते. ‘कांदा’ या शब्दाच्या आसपास बाजार, भाव, चाळ, क्विंटल हे शब्द किती वेळा येतात आणि ‘अकलेचा’ किती वेळा येतो, याच्या मोजणीतून ते कांद्याची जागा ठरवते. मग ती जागा आकड्यांच्या रांगेत लिहिते. शब्दांच्या अशा आकडेरांगा काढण्याची एक रीत २०१३ साली गाजली. आजची भाषायंत्रे त्याच वाटेने पुढे गेली. ही कल्पना परकी मात्र नाही. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्दाचा अर्थ कशाने ठरतो याची यादी दिली आहे, संसर्ग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण अशी. साहचर्य म्हणजे संगतच. त्याच यादीत पुढे देश आणि काळही आहेत. कुठल्या गावात आणि कोणत्या वेळी बोलला, यावर अर्थ ठरतो. लग्नाच्या पंगतीत ‘वाढा’ म्हटले तर जेवण, आणि आशीर्वादात म्हटले तर आयुष्य.

संगतीने शिकणाऱ्याला संगत मिळाली पाहिजे. जगात इंग्रजी मजकुराचे डोंगर आहेत, मराठीचे त्या मानाने ढिगारे. म्हणून पुण्यातल्या एल-थ्री-क्यूब गटाने ‘महाकॉर्पस’ नावाचा मराठी मजकुराचा साठा आणि ‘महाबर्ट’ हे भाषायंत्र केले, आणि २०२२ साली केंद्र सरकारने भारतीय भाषांसाठी ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. नव्या विद्येला मराठी करायची ही धडपड नगरला नवीन नाही. १८४२ साली अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच शहरातून सुरू केले. धर्मप्रसारासोबत विलायती विद्येच्या गोष्टीही त्यातून मराठीत उतरत.

यंत्राने माणसाकडून शब्द उसने नेले : मेमरी, म्हणजे स्मृती, इंटेलिजन्स, म्हणजे बुद्धी, लर्निंग, म्हणजे शिकणे. आता माणूस यंत्राकडून ते व्याजासह परत आणतो आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पोर म्हणते, ‘मेमरी फुल झाली.’ बैठकीतून उठलेला सरपंच म्हणतो, ‘डोकं हँग झालं राव.’ जुने भांडण ‘डिलीट मार’ म्हणून मिटवतात. पूर्वी बुद्धीला धार लावत, बुद्धी गंजत असे. तेव्हा हातात विळा होता. आता हातात फोन आहे. उपमा बदलली, एवढेच. पण ती उपमा आहे याचा विसर पडू देऊ नये. फोनची मेमरी भरते आणि माणसाची आठवण रोज नव्याने रचली जाते. दोन्ही कामे एक नव्हेत.

मग यंत्राला काय म्हणावे? माझा निकाल असा. बुद्धी म्हणायला हरकत नाही, सांख्यांचीही नसती. चलाख म्हणावेच. हुशार म्हणताना थोडे थांबावे, कारण हुशारीत होश आहे आणि तो यंत्रात आहे असे मानायला अजून आधार नाही. शहाणपण नाही, त्याला वय लागते आणि सोसलेले लागते. भान नाही. आणि अक्कल? अक्कल म्हणजे दोर. दोर यंत्राच्या पायात आपणच बांधायचा आहे : कायद्याने, नियमाने, आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीची खातरजमा करूनच पुढे जाण्याच्या सवयीने. तो सैल सुटला आणि यंत्र भलतीकडे गेले, तर बेअक्कल कुणाला म्हणायचे यात मराठीला शंका नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. ‘यंत्राची बुद्धिमत्ता माणसापुढे गेली’ असा मथळा पुढच्या वेळी दिसला, की बुद्धिमत्ता हा शब्द खोडून तिथे पाळीपाळीने अक्कल, हुशारी, शहाणपण आणि भान लिहून पाहा. ज्या शब्दाने वाक्य खरे राहते तेवढीच बातमी आहे. बाकीचे खुशाल अक्कलखाती टाका.